तंबोरा कुणी लावला होता? मिरजेच्या ताईंना जाहीर पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मंडळाने शाल-नारळ द्यायचं ठरवलं, तुम्ही नको म्हणालात. 'विशेष सहकार्य' म्हणून फ्लेक्सवर नाव टाकतो म्हटलं, तर "फ्लेक्स दिसला तर मिरजेहून येऊन मी स्वतः उतरवीन" म्हणालात. उतरवलाही असता. म्हणून हे पत्र बिननावाचं. जाहीर एवढ्यासाठी, की आभार तर मानायचे राहिलेच आहेत, शिवाय माझ्यासारखी व्हिडिओ बघून अर्धंमुर्धं शिकलेली आणखी पोरं गावोगाव असतील, त्यांच्याही चार रात्री वाचाव्यात.

वाचणाऱ्यांना आधीची गोष्ट सांगतो. मी सांगलीत सीसीटीव्ही बसवतो. प्रोग्रॅमिंग रात्री, शटर ओढल्यावर. आमच्या मंडळाने गणपतीत पुराचा देखावा करायचं काढलं. थर्माकोलचा आयर्विन पूल नको, पडद्यावरचा हवा. बटण दाबलं की कृष्णा चढली पाहिजे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि वर २००५ आणि २०१९ च्या खुणा. आमच्याकडे पावसाळ्यात "पाणी किती?" एवढंच विचारायचं असतं, कुठलं आणि कशाचं हे सांगावं लागत नाही. १९२९ सालच्या त्या पुलाजवळचे फुटांचे आकडे बारकं पोरगंही जाणतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा माझ्या दुकानातले सगळे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे, चिखलात गेले. त्यामुळे हा देखावा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होईना.

चित्र काढायला ओपनजीएल घेतलं (ग्राफिक्स कार्डाकडून चित्रं काढून घ्यायची सोय), स्क्रीनवर खिडकी उघडायला जीएलएफडब्ल्यू ही लायब्ररी. पूल उभा राहिला, पाणी हलायला लागलं. मग कोपऱ्यात 'पाणी पातळी ३२ फूट' असा मजकूर काढला आणि पूल बुडाला. ३२ फुटांना! खांब, कठडा, सगळं पाण्याच्या मागे. मजकुराच्या ओळी काढल्या की पूल वर, घातल्या की खाली. मी चार रात्री पाण्याचा कोड उलटापालटा केला, कारण बुडवणारं पाणीच होतं ना.

त्याच आठवड्यात सतारमेकर गल्लीत तुमच्या वडिलांच्या कारखान्यात कॅमेरे बसवायला आलो. खाली भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास, आणि माळ्यावर तुमचं टेबल. स्क्रीनवर त्रिकोणांची जाळी दिसली आणि मी शिडीवरच थांबलो. धीर करून विचारलं, "ताई, ओपनजीएल का हो?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "वल्कन. पण ओपनजीएलमध्ये पंधरा वर्षं घातलीत. का रे?" (वल्कन म्हणजे ओपनजीएलनंतर आलेली, त्याच कामाची नवी सोय.)

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन हजर झालो. मला वाटलं होतं तुम्ही कोड बघाल. तुम्ही विचारलंत, "पहिली फ्रेम कशी दिसते?" मी म्हटलं, अशीच. "बघितलीस?" सेकंदाला साठ फ्रेम जातात, पहिली कोण बघतो! तुम्ही रेंडरडॉक, म्हणजे एकेक फ्रेम पकडून तपासायचं साधन, लावून पहिली फ्रेम पकडलीत. त्यात पूल ताठ उभा. दुसऱ्या फ्रेमपासून पुढे बुडालेला. "म्हणजे पाण्यानं काही केलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "पहिल्या फ्रेमच्या शेवटी कुणीतरी काहीतरी बदललं आणि तसंच टाकून गेलं. खाली चल."

खाली काकांपुढे, म्हणजे तुमच्या वडिलांपुढे, एक तंबोरा होता. तुम्ही विचारलंत, "हा कशाला लागलाय?" काका म्हणाले, सकाळी एक गवई येऊन गेले, मालकंस गायले, पहिली तार मध्यमाला आहे. "आता यावर भूप गा." काकांनी तारा छेडल्या, भूपाचे चार स्वर घेतले आणि तोंड वाकडं करून थांबले. मला गाण्यातलं शष्प कळत नाही, पण काहीतरी टोचतंय हे मलाही ऐकू आलं. भूपात मध्यम वर्ज्य, आणि इथे तारच मध्यम बोलत होती. तुम्ही म्हणालात, "तंबोऱ्याला काय माहीत तू काय गाणार? शेवटच्या माणसानं जसा लावला तसा तो बोलत राहतो. ओपनजीएल असंच आहे."

ताई, त्याआधी मी 'ओपनजीएल इज अ स्टेट मशीन', म्हणजे लावलेली अवस्था धरून बसणारं यंत्र, हे वाक्य निदान पन्नास वेळा वाचलं असेल. पाठ होतं. कळलं त्या दिवशी.

मजकुराभोवतीची पारदर्शक जागा नीट दिसावी म्हणून मी ब्लेंडिंग (मागचा रंग मिसळणं) चालू केलं होतं, आणि तो सगळ्यांच्या वर यावा म्हणून डेप्थ टेस्ट (जवळचं कुठलं, लांबचं कुठलं ही तपासणी) बंद. मला वाटायचं या सूचना त्या मजकुरापुरत्या. पण त्या मजकुराला चिकटलेल्या नसतात, कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ओपनजीएल आपली सगळी अवस्था जिथे ठेवतं तिथे, जाऊन बसतात आणि कुणी बदलेपर्यंत हलत नाहीत. दुसरी फ्रेम सुरू झाली तेव्हा डेप्थ टेस्ट बंदच होती. जवळचं-लांबचं बघणारं कुणी नाही, मग जे शेवटी काढलं ते वर. मी पाणी शेवटी काढत होतो.

घरी येऊन शहाणपणा केला. फ्रेमच्या सुरुवातीला डेप्थ टेस्ट चालू करायची एक ओळ टाकली. आता पूलच गायब! पाणी तेवढं हलत्या जागी तुकड्यातुकड्यांनी दिसायचं. रात्री साडेअकराला तुम्हाला फोन केला, त्याची माफी इथे मागून घेतो. तुम्ही झोपेतच विचारलंत, "डेप्थ मास्क?" होता. मजकुराच्या कोडमध्ये मी डेप्थ लिहिणंही बंद केलं होतं (तोच हा मास्क), आणि आधीची फ्रेम पुसायचा क्लिअरचा हुकूमसुद्धा त्याच मास्कला विचारून चालतो हे मला ठाऊक नव्हतं. रंग पुसला जात होता, पण डेप्थ, म्हणजे कुठलं किती लांब याची खोलीची नोंद, पुसलीच जात नव्हती. पहिल्या फ्रेममधल्या पुलाची ती नोंद तशीच पडलेली, आणि दुसऱ्या फ्रेमचा पूल नेमका तेवढ्याच अंतरावर आला की 'तुझ्यापेक्षा जवळचा हवा' म्हणून नाकारला जायचा. पूल स्वतःच्याच जुन्या सावलीला अडला होता. हे समजल्यावर मी एकटाच हसलो, बायको उठून बघून गेली.

पुढच्या भेटीत मी जुन्या धड्यातून तोडगा शोधून आणला होता: पुश अ‍ॅट्रिब, पॉप अ‍ॅट्रिब. आधीची अवस्था गठ्ठ्यावर ठेवायची, काम झालं की परत उचलायची. मी वापरत होतो त्या कोअर प्रोफाइलमध्ये, म्हणजे जुन्या सोयी वगळलेल्या ओपनजीएलमध्ये, ते चालेना. तुम्ही सांगितलंत, ओपनजीएल १९९२ चं, सिलिकॉन ग्राफिक्सचं. ही सोय जुन्या काळातली. २००८ च्या ३.० आवृत्तीत ती मोडीत निघणार असं जाहीर झालं आणि ३.१ पासून काढली. ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये सेव्ह आणि रिस्टोअर म्हणून तशीच सोय अजून आहे. मग मी म्हटलं, माझं मीच करतो, प्रत्येक वेळी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरला 'आत्ता काय चालू आहे' विचारतो, लक्षात ठेवतो, शेवटी परत लावतो. तुम्ही नको म्हणालात. अशी विचारपूस फुकट नसते, ड्रायव्हरला कधी कधी हातातलं काम थांबवून उत्तर द्यावं लागतं.

"आणि गवई असं करतो का?" तुम्ही विचारलंत. "आधीच्याची पट्टी लिहून घेतो, गातो, आणि जाताना परत त्याच्या पट्टीत लावून जातो? जो गाणार, त्यानं बसल्यावर स्वतः लावून घ्यायचा."

तेव्हापासून माझं प्रत्येक चित्र काढणारं फंक्शन सुरुवातीलाच आपल्याला लागतं ते सगळं सांगतं: डेप्थ टेस्ट, मास्क, ब्लेंडिंग, शेडर (कार्डावर चालणारा रंगरूप ठरवणारा छोटा प्रोग्रॅम). आधी कोण येऊन गेलं याची चौकशी नाही. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, लागू देत. वल्कनमध्ये यातलं बरंच आधीच एका पाइपलाइनमध्ये बांधून द्यावं लागतं, हेही तुम्ही दाखवलंत, आणि वर म्हणालात, "तिथं मात्र एक त्रिकोण काढायला हजार ओळी. तू गणपती होऊ दे आधी."

गणपतीला नऊ दिवस उरले असताना अध्यक्षांनी दुसरा प्रोजेक्टर आणला. एका भिंतीवर पूल, दुसऱ्या भिंतीवर तोच पूल वरून. दुसरी खिडकी उघडली, तर नुसती निळी भिंत. प्रत्येक खिडकीचा आपला कॉन्टेक्स्ट असतो, आणि दोन्ही कॉन्टेक्स्ट आपला माल एकमेकांशी वाटून घेतील असं खिडकी उघडतानाच सांगितलं होतं, तरीही.

या वेळी तुम्ही लॅपटॉप उघडलाच नाहीत. काकांच्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागे मधोमध रेघ मारलीत. एका बाजूला लिहिलंत 'गावाचं', दुसऱ्या बाजूला 'घराचं'. टेक्स्चर (आकारांवर चिकटवायची चित्रं), बफर (आकारांचे आकडे), शेडर ही गावाची मालमत्ता, वाटून घेतलेल्या दोन्ही कॉन्टेक्स्टना दिसते. पण व्हर्टेक्स अ‍ॅरे ऑब्जेक्ट आणि फ्रेमबफर ऑब्जेक्ट ज्याचे त्याचे, घरातले. मी पहिल्या घरातला व्हर्टेक्स अ‍ॅरे दुसऱ्या घरात मागत होतो. खाली तुम्ही आणखी लिहिलंत: एका थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) एका वेळी एकच कॉन्टेक्स्ट करंट, आणि एक कॉन्टेक्स्ट एका वेळी एकाच थ्रेडवर. चित्रं लवकर लोड व्हावीत म्हणून मी वेगळा थ्रेड केला होता आणि तिथे टेक्स्चर तयारच होत नव्हतं, त्याचं उत्तर मी न विचारता त्या कागदावर मिळालं.

मग त्याच कागदावर तुम्ही माझ्या प्रोग्रॅमचीही वाटणी केलीत, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला. माझे चाळीसेक ग्लोबल व्हेरिएबल होते. पाण्याची पातळी दोन ठिकाणी, प्रत्येक खिडकीची आपली. बटण एका खिडकीत दाबलं की एका भिंतीवर ४५ आणि दुसऱ्या भिंतीवर ४१. "कृष्णा एकच आहे ना? मग पातळी एकदाच," असं म्हणून तुम्ही माझ्याकडून एक स्ट्रक्चर, म्हणजे संबंधित माहितीचं एक गाठोडं, लिहून घेतलंत. पातळी, वेळ, आवाज चालू की बंद हे गावाचं. रुंदी, उंची, कॅमेरा, व्हर्टेक्स अ‍ॅरे हे प्रत्येक खिडकीच्या आपल्या स्ट्रक्चरमध्ये, आणि त्यात गावाकडे बोट दाखवणारा एक पॉइंटर. बटणाचा कॉलबॅक, म्हणजे बटण दाबल्यावर बोलावलं जाणारं, साधं सी फंक्शन, त्याला हे कळणार कसं? मी त्यासाठीच सगळं ग्लोबल केलं होतं. जीएलएफडब्ल्यूमध्ये प्रत्येक खिडकीच्या खिशात आपला एक पॉइंटर ठेवता येतो, विंडो यूजर पॉइंटर, आणि कॉलबॅकमध्ये खिडकी हातात आली की तो खिशातून काढायचा. दोन वर्षं ही लायब्ररी वापरत होतो, हा खिसा मी कधी चाचपलाच नव्हता.

इथे एक तक्रारही करून ठेवतो. तुम्ही एकदाही कीबोर्ड हातात घेतला नाहीत. नऊ दिवस उरलेत, पोरं रोज विचारतायत, आणि तुम्ही "लिही तू, मी चहा टाकते." त्या वेळी राग आला होता. एरर कुठून येतोय म्हणून मी कुरकुरलो, तर तुम्ही फक्त एवढंच सांगितलंत, की गेट एरर या हुकमाने विचारेपर्यंत जुना एरर तसाच पडून असतो, त्यामुळे जिथे सापडला तिथेच झाला असं धरू नकोस. बाकी सगळं मला शोधायला लावलंत. ओपनजीएल ४.३ पासूनचा डीबग कॉलबॅक लावून सगळे एरर जागच्या जागी पकडायला मला एक अख्खी रात्र लागली. तुम्हाला दहा मिनिटं लागली असती.

देखावा सुरू झाला. पाचव्या दिवशी एक आजोबा दोन्ही भिंतींच्या मध्ये उभे राहून पाणी चढताना बघत होते. ४५ झालं, ५० झालं, आणि ते आमच्या कार्यकर्त्याला म्हणाले, "बास कर रे आता." त्याने बटण सोडलं. दोन्ही भिंतींवर पाणी एकाच आकड्यावर थांबलं. मी मागे वायरींच्या जाळ्यात बसलो होतो, तिथूनच तुम्हाला फोन लावला होता, तुम्ही उचलला नाहीत. सांगायचं होतं ते एवढंच होतं. आभारी आहे, ताई. काकांचेही आभार, त्यांनी त्या दिवशी भूप गायला नसता तर मी अजून पाण्याचाच कोड बघत बसलो असतो.

आता पोरांना हे मोबाइलवर हवंय. करून बघितलं. मध्येच फोन आला आणि परत आलो की पडदा काळा. कॉन्टेक्स्टच गेलेला असतो आणि टेक्स्चर, बफर सगळे त्याच्याबरोबर. गावाचं स्ट्रक्चर शाबूत आहे, पातळी बरोबर ३८ सांगते, फक्त गाव दिसत नाही. पुन्हा सगळं उभं करायचं हे कळतंय, पण सुरुवात कुठून करायची त्यात अडकलोय. रविवारी दुपारी येऊ का? तुमचा पेनड्राइव्हही माझ्याकडेच राहिलाय. भडंग आणतो, काकांसाठी कमी तिखटाचा वेगळा.

आपला,
सांगलीचा कॅमेरेवाला