फियाटला पन्नाशी होईपर्यंत थांबायचं कसं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्या भंगारात काढा अशा बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात आणि त्या दिवशी आमचा मुलगा मुद्दाम चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवतो. कारण आमच्या दारात वडिलांनी 1979 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे आणि निवृत्तीनंतरची माझी सगळी दुपार तिच्याखाली जाते. कागदावर पद्मिनी, पण घरात कायम फियाटच, मुळात होतीच ती फियाट 1100, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात बनवलेली, पद्मिनी हे नाव नंतर 1974 च्या सुमारास आलं. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टेअरिंगखाली, पुढची सीट अख्खी एक, त्यावर आम्ही तिघं भावंडं आणि वडील असे बसून जोतिबाला जायचो.

वडील गेले आणि गाडी परड्यात आंब्याखाली उभी राहिली ती बारा वर्षं. विकायला काढली तर भंगारवाला वजनावर भाव सांगायला लागला तेव्हा मात्र मला राग आला आणि मी म्हटलं आपणच करू. मी शाळेत शास्त्र शिकवलेला माणूस, त्यामुळे इंजिन मला फळ्यावर येत होतं, हातात नव्हतं. उद्यमनगरातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं, त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही, चाकापाशी बसले आणि म्हणाले, "आदी बिरेक करा मास्तर, मग इंजिन. सुरू झाली आन् थांबलीच न्हाई तर?"

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम, चारही गंजून धरलेले. डिझेल आणि ऑइल सोडून, कडेकडेनं ठोकत एकेक ड्रम काढायला मला चार दिवस लागले. आतली ब्रेक दाबणारी व्हील सिलिंडर जाम, दोन तर आतून खड्डे पडून गेलेली. ती नवीन कुठं मिळणार, तेव्हा उद्यमनगरातच लेथवर बोअर मोठं करून आत स्लीव्ह बसवून घेतली. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा, नकाशा न देता नुसता जुना तुकडा दाखवला तरी काम होतं. बाकी सामानासाठी पुण्याचा जुना बाजार झाला, कुर्ल्याचा सीएसटी रोड झाला. मुंबईत काळीपिवळी पद्मिनी होत्या तोवर पार्टची ददात नव्हती, पण टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्या पेपरांत हळहळ छापून आली होती, फोटो आले होते, ते ठीकच, पण दुकानदारांनी त्याच सुमाराला माल वजनावर काढून टाकला त्याचा फोटो कुणी छापला नाही.

इंजिनचे प्लग काढून भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडून ठेवलं आणि रोज सकाळी पुलीला पाना लावून अगदी हलक्या हातानं फिरतंय का बघायचं. सहाव्या दिवशी बोटभर हललं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीची घरं केलेली, मागच्या सीटच्या काथ्यात उंदराचा संसार, टाकीतल्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास. टाकी उतरवून आत मूठभर नटबोल्ट टाकून मी आणि मुलगा दोन बाजूंनी धरून तासभर हलवत बसलो, आतून चहाच्या रंगाचा गंज निघाला. रबरी नळ्या सगळ्या नव्या टाकल्या, त्या तीन महिन्यांत फुगून चिकट झाल्या, मग कळलं की हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुन्या पद्धतीचं रबर टिकत नाही, म्हणून परत वेगळ्या, इथेनॉलला चालणाऱ्या आणल्या आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदाही बदलला.

आणि एक गाढवपणा सांगतो. प्लगच्या चारही वायरी मी एकदम काढल्या, खूण न करता. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, 1-3-4-2 हे पाठ होतं पण ती ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कुठल्या बाजूला फिरतो तेच उलटं धरलं. स्टार्टर मारला तर इंजिन सुरू व्हायच्या ऐवजी सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या वहिनी गच्चीवरून ओरडल्या, कुणाची वरात आली काय म्हणून. मिस्त्रींनी येऊन दोन वायरींची अदलाबदल केली, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला, आणि ती लागली. आधी तीन सिलिंडरवर, मग चारही.

एवढं सांगितलं ते कौतुकासाठी नाही, मुद्दा पुढं आहे.

आरसीची, म्हणजे नोंदणीची, मुदत 2014 लाच संपलेली. गाडी परड्यात उभी, एक फूट हललेली नाही, पण नूतनीकरणाला उशीर म्हणून दर महिन्याला पाचशे रुपये लागत होते. शिवाय वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी आता दहा हजार, पर्यावरण कर वेगळा. सगळं भरलं. पावती बघून बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

मी कुणाला तरी म्हटलं अहो ही वारसा म्हणून बघा की, तर उत्तर मिळालं पन्नास वर्षं होऊ द्या. खरंच आहे, 2021 च्या केंद्राच्या नियमात विंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडी. तिला नंबरात व्हीए अशी वेगळी मालिका, नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला बंदी, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. मला त्या अटी मान्य आहेत, मी तरी कुठं तिच्यातनं भाजी आणतोय. पण आमची गाडी पन्नाशीला पोचणार 2029 मध्ये. तोपर्यंत ती सरकारच्या लेखी जुनाट आणि एका दिवसात वारसा. आणि गाड्या मरतात त्या नेमक्या तीस ते पन्नासच्या मध्येच, पत्रा खालून सडतो, पार्ट संपतात, मालक म्हातारा होतो, मुलं म्हणतात काढून टाका. पन्नासाव्या वाढदिवसाला हार घालायला गाडी उरायला तर पाहिजे.

जुन्या गाड्यांची जागतिक संघटना आहे, फिवा, तिच्या व्याख्येत ऐतिहासिक गाडी तीस वर्षांची. जर्मनीत तीस वर्षांवरच्या जपलेल्या गाडीला नंबर प्लेटवर एच मिळतो. आपल्याकडे तेवढीच सवलत द्या असं नाही म्हणत, पण तीस ते पन्नासच्या गाड्यांसाठी एक मधला वर्ग करा, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला हवी तर, आणि गाडी बंद ठेवतोय असं आधी लिहून दिलं तर त्या महिन्यांचा दंड लावू नका. तपासणी मात्र सोडू नका, उलट ब्रेक कडक तपासा, मिस्त्री म्हणाले ते बरोबरच आहे. धुराचं म्हणाल तर आमची फियाट धूर सोडते हे खरं, पण दिवसभर धंद्यावर धावणाऱ्या आणि महिन्यात दोन रविवार रंकाळ्याला फेरी मारणाऱ्या गाडीला एकाच मापानं मोजायचं का?

आणखी एक, मूळ रूपाच्या अटीबद्दल. माझ्या गाडीच्या फ्लोअरला ड्रायव्हरच्या पायाखाली दोन वीत पत्रा वेल्डिंग करून बसवलाय, कारण तिथं खालचा रस्ता दिसत होता. 2029 ला मी व्हीए नंबरसाठी अर्ज करीन तेव्हा हा पत्रा दुरुस्ती धरणार की फेरफार, हे परिवहन खात्यातल्या कुणा माहीतगारानं आपल्या पेपरातून सांगितलं तर फार बरं होईल. डाव्या बाजूचा पत्रा अजून शिल्लक आहे, तो बदलायचा की थांबायचं ते ठरवता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर