हातमोजे घालतेस ना?

चि. सुमीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर हाताला पुरळ उठल्याचं तू जाता जाता बोललीस आणि लगेच बीटच्या रानाचे फोटो दाखवायला लागलीस. फोन आईच्या हातात होता, म्हणून मी गप्प बसलो. कशानं उठलं पुरळ? काय हाताळतेस तिथं?

तू म्हणशील, आबा, आमच्या प्लॉटवर विष नाहीच. ठाऊक आहे. सूत्रकृमीसाठी, मुळात शिरणाऱ्या त्या मातीतल्या सूक्ष्म किड्यासाठी, बीटचे सहनशील वाण लावता, त्याच रानात तीन-चार वर्षं पुन्हा बीट घेत नाही, मधे मोहरी नाहीतर मुळा पेरता. परवा पारावर मी जनूला सगळं सांगितलं. साधी मोहरी पेरली तर सूत्रकृमी उलट वाढतो, म्हणून खास वाण लागतो. त्याच्या मुळांच्या पाझरानं अंड्यातली पिल्लं जागी होतात, मुळात शिरतात, पण आत माद्या पोसतच नाहीत. जनू म्हणाला, "म्हणजे आवतण द्यायचं आणि पंगत वाढायचीच नाही." मग मी त्याला 1859 सालही सांगितलं, शाख्त नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञसाहेबाला बीटच्या मुळावर हा कृमी दिसला ते. कृषी सहायक तिथंच उभे होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी जनूला सांगितली नाही. मादी मरते, तिच्याच कातडीचं टणक तपकिरी गाठोडं होतं आणि आतली शेकडो अंडी त्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतात, हे तू सांगितलंस त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. किडीचं कसलं कौतुक, पण लागली नाही खरी.

पूर्वेच्या तुकड्यावरून तू निघायच्या आदल्या दिवशी आपलं वाजलं. डाळिंबाची झाडं काढून टाका, म्हणालीस. तुमचं बीट दर साली उपटायचंच असतं, गं. डाळिंब पंधरा वर्षांचं पीक, त्याची फेरपालट कशी करू? आणि आपला गाठीचा सूत्रकृमी वांगं, टोमॅटो, भेंडी, काहीही खातो. पण तुझं खरं होतं. भर दुपारी आळ्यात ओल असून पानं माना टाकत होती, आणि मी ठिबकला दोष देत बसलो. गेल्या आठवड्यात चार झाडं उकरली. पांढरी मुळी नावाला नाही, नुसत्या गाठी. रोपवाटिकेतून पिशवीतच आल्या असणार, तेव्हा मी पिशवी फाडून मुळं पाहिली नाहीत. यंदा त्या तुकड्यात बहार धरला नाही. निंबोळी पेंड घातली आहे, ओळींत झेंडू लावतोय. दसऱ्याला फुलं झाली तर झाली. झाडं अजून काढली नाहीत. काढीन.

नऊ वर्षांची होतीस. परसातलं वांगं उपटून आणलंस आणि विचारलंस, या गाठी कसल्या? मी म्हणालो, भुईमुगाला असतात तशाच, चांगल्या असतात. तू भुईमुगाचं झाड शोधून आणलंस, नखानं गाठ काढून दाखवलीस. "ही सुटते आबा. वांग्याची सुटत नाही, मूळच सुजलंय." त्या दिवशी मी तुला आगाऊ म्हणालो होतो.

नानाला विषबाधा झाली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. तो फोरेट या जहाल कीटकनाशकाचे दाणे उघड्या हातानं आळ्यात टाकत होता, मी पाठीमागून माती ओढत होतो. त्याला वास आवडायचा नाही म्हणून तोंडाला उपरणं बांधलेलं. हाताला मात्र काही नाही. संध्याकाळी तोंडाला फेस आला. डॉक्टरांनी बॅटरी मारली तर डोळ्याच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या. अकरा दिवसांनी घरी आला, पण नंतर त्यानं बशीतला चहा कधी नीट प्यायला नाही, सांडायचाच. 2020 संपताना फोरेटवर बंदी आली. आपल्या खोपीत अर्धी पिशवी पडली होती, तिला हात लावायला मला अंगणात तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

म्हणून म्हणतो. रानातून आलीस की कोपरापर्यंत साबण लाव. रानातले कपडे खोलीत नेऊ नकोस. मातीच्या हातानं पाव खाऊ नकोस. कुठल्याही डब्यावरचा कागद वाचल्याशिवाय झाकण उघडू नकोस, आणि कुणी म्हणालं काही होत नाही, तर

झालं माझं सुरू. तूच आता लोकांना हे शिकवतेस. आबाचं मनावर घेऊ नकोस.

आई एकादशीला पंढरपूरला जाऊन आली. तुझ्या नावाचा बुक्का पुडीत बांधून ठेवलाय. पाठवायचं म्हणते, मी म्हणालो तिकडं पोलीस विचारतील कसली पावडर. तर रुसली.

शेतात बीट उपटायला हातमोजे घालतेस ना? विष नसेल, पण माती असते, मुळ्याच्या पाल्याची कूस असते. पुरळाचा फोटो पाठव. आईच्या फोनवर नको, माझ्या.

तुझे,
आबा