डबल होता

पुणे, 4 ऑगस्ट 2025

प्रिय बंड्या,

दीड वर्षात ना पत्र ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात, आई बरी. झालं.

चिऊबद्दल लिहायचंय. रविवारी तिची स्क्वॉशची टीमची लढत होती. 2018 ला चेन्नईत ज्युनियर वर्ल्डला पाहिलं तसंच, तीन मॅच, दोन जिंकेल त्याची लढत. 1-1 झालं, तिसरी चिऊची. पाचवा गेम, 10-9, मॅच बॉल हिच्याकडे. समोरचीनं ड्रॉप टाकला. ही झेपावली, रॅकेट फरशीवर खरखरलं, बॉल समोरच्या भिंतीच्या तळाशी असतो त्या टिनच्या पट्टीच्या जेमतेम वर लागून मेला. मार्कर गप्प, रेफ्री गप्प. टीममधल्या दोघी नाचत दाराशी. आणि ही बया हात वर करून म्हणते, "डबल होता." म्हणजे दोन टप्पे पडल्यावर उचललेला, पॉइंट समोरचीचा. 10-10. मग 10-12.

मी सगळ्यांसमोर ओरडलो. काय, ते लिहीत नाही. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

एकटीची स्पर्धा असती तर पाठ थोपटली असती, असं आता म्हणतोय खरा. पण मेडल त्या दोघींचंही होतं ना? त्यांना न विचारता हिनं कसं देऊन टाकलं? आणि विचारायला वेळ तरी कुठे होता? चेन्नईत ती इजिप्तची पोरं आठवतात? वैयक्तिकला फायनलमध्ये दोघंही त्यांचेच, मुस्तफा असल जिंकला. मग टीमच्या मॅचला तीच पोरं एकमेकांसाठी घसा फोडत होती. तू म्हणालास, "यांना रुसायलासुद्धा सवड देत नाहीत." (शर्टावर सांबार सांडलेलं असताना तू फार शहाणपणाचं बोलतोस.)

गेल्याच महिन्यात आम्ही अनाहत सिंगची ज्युनियर वर्ल्डची कैरोतली सेमीफायनल पाहिली. 0-3 हरली, पण दुसरा गेम 12-14, तिसरा 10-12. तरी 2010 च्या दीपिका पल्लीकलनंतर आपल्या मुलींतलं पहिलं वैयक्तिक मेडल. चिऊ म्हणाली, "बाबा, दोन-दोन पॉइंटांनी गेले रे." आणि रविवारी त्यातलाच एक हिनं स्वतः काढून दिला.

आता खरं सांगतो. 1996, हॉस्टेलचं कोर्ट, फायनल. तू विचारलंस, "नीट उचललास?" मी म्हटलं, "नीट." नव्हता. डबल होता. मारतानाच हाताला कळलं होतं. तू तीन महिने बोलला नाहीस आणि मी मेसभर सांगत फिरलो, बंड्याला हार पचत नाही. तो कपबशीएवढा कप आईच्या शोकेसमध्ये आहे. चिऊ लहानपणी त्यात खडू ठेवायची. (माझे साठ रुपये मात्र तू खरंच बुडवलेस. ते वेगळं.)

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? मुलाच्या ॲडमिशनचं कळव.

काल चिऊ रॅकेटला नवी ग्रिप गुंडाळत होती. मान वर न करता विचारलंन, "बाबा, तू कधी सांगितलंयस, डबल होता म्हणून?" मी म्हटलं, बंड्याकाकाला विचार.

शनिवारी फोन करेल ती. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझा,
पक्या