हत्तीचा सातबारा

ग्लासगो, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सविस्तर सांगायला लागले की बाबा "बिल वाढतंय, ठेव" म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपला बिल येत नाही हे सांगून मी थकले, म्हणून हे पत्र.

काल केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात गेले होते. आई, तिकीट नाही, फुकट असतं, तेव्हा खर्चाचं काही बोलू नकोस. लाल दगडाची राजवाड्यासारखी इमारत, 1901 च्या मोठ्या प्रदर्शनात उघडलेली. दुपारी एक वाजता त्याच प्रदर्शनासाठी बनवलेला ऑर्गन वाजवतात. पोरं धावताहेत, म्हाताऱ्या चहा पिताहेत आणि वरून हा घुमणारा आवाज! मी डबा सोडून ऐकत बसले.

बाबा, तुम्ही तलाठी. औंधच्या संग्रहालयात प्रत्येक वस्तूपुढं उभं राहून "हे इथं आलं कसं? याचा सातबारा कुणाच्या नावावर?" असं विचारायचात. मला लाज वाटायची. काल मी दिवसभर तेच करत होते.

खाली एक पेंढा भरलेला हत्ती उभा आहे, त्याच्या डोक्यावर छताला खरंखुरं लढाऊ विमान टांगलंय. हत्तीचं नाव सर रॉजर. आपल्याकडच्याच जातीचा, कान लहान. आधी फिरत्या प्राणीसंग्रहात होता, मग इथल्या झूमध्ये. 1900 साली तो बिथरला, माणसांच्या अंगावर जायला लागला, तेव्हा सकाळचं खाणं खात असतानाच त्याला गोळ्या घातल्या. आई, मला ते 'खाणं खात असताना' फार लागलं. शेजारी एक बाई नातवाला त्याच्या सोंडेचा फोटो काढून देत होती. मी तिथून लवकर हलले नाही.

वर साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र आहे. आपण आकाशातून खाली बघतोय असं वाटतं. याचा सातबारा मात्र स्वच्छ: 1952 साली 8,200 पौंडांना विकत घेतलं. एवढ्या पैशांत इथल्या कलाकारांचं काय काय झालं असतं, म्हणून कलाशाळेतल्या पोरांनी विरोध केला होता. 1961 मध्ये एकानं ते फाडलंसुद्धा. आता सांधा शोधूनही मला दिसला नाही.

आणि फेरफाराचीही एक नोंद आहे! 19 ऑगस्ट 2022 ला याच इमारतीत ग्लासगोच्या संग्रहालयांनी सात वस्तू भारताच्या नावे करून दिल्या. त्यात हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून 1905 साली चोरीला गेलेली एक तलवार होती. बाकीच्या बहुतेक एकोणिसाव्या शतकात देवळांमधून उचललेल्या. सह्या दोन्ही बाजूंच्या झाल्या, म्हणजे तुमच्या हिशेबानं नोंद मंजूर.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलू नका. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, मनात ठेवू नकोस.

डोळा बरा झाला की दोघं औंधला जाऊन या. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ते आई-मुलाचं दगडी शिल्प तिथं कसं आलं, पाटी वाचून मला कळवा. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा शेवटची एसटी चुकेल म्हणून तुम्ही मला दंडाला धरून ओढत नेलं होतंत.

तुमची,
ताई