विषय : चुकीच्या मापाची रोड सायकल, न केलेले फिटिंग आणि घाटात न चालणारे गिअर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

महोदय,

आपल्या पुण्यातील शोरूममधून मी १५ मार्च रोजी ८४,००० रुपयांना रोड सायकल घेतली. ती माझ्या मापाने बसवून देण्याचे, म्हणजे फिटिंगचे, ३,००० रुपये वेगळे भरले. दोन्ही बिलांच्या प्रती सोबत आहेत. या पाच महिन्यांत मी तीन ई-मेल केले, दोनदा शोरूमला जाऊन आले. प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळाले : “मॅडम, रोड बाइक अशीच असते. सवय होईल.” म्हणून आता मुख्य कार्यालयाला लिहीत आहे, आणि जरा सविस्तर लिहीत आहे, कारण शोरूममध्ये माझे पुरते ऐकूनच घेतले गेले नाही.

मी ४८ वर्षांची आहे, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सायकल मला नवी नाही. सहा वर्षे हायब्रिड (सरळ हँडलची, रोजच्या वापराची) सायकल चालवली. दर रविवारी खडकवासला, अधूनमधून कात्रजचा जुना बोगदा. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायची, एवढ्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकून ही सायकल घेतली. हे सगळे मी पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगितले होते. घाट चढायचे आहेत हे सांगितले होते. माझी उंची १५७ सेंमी आहे हेही मीच सांगितले, कारण कोणी विचारले नव्हते.

या उंचीपुढे आपल्याच कोष्टकात ४७ सेंमीची फ्रेम लिहिली आहे. ते कोष्टक शोरूमच्या भिंतीवर लावलेले आहे. मला दिलेली फ्रेम ५२ ची आहे. ४७ ची शिल्लक नाही, यायला दोन महिने लागतील, असे सांगितले असते तर मी आनंदाने थांबले असते. त्याऐवजी “एक-दोन साइझ इकडेतिकडे चालते, सीट खाली करून देतो” असे सांगण्यात आले आणि मी विश्वास ठेवला. आज सिग्नलला सीटवरून पुढे उतरून वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले, की टाचा जमिनीला लागत नाहीत. मागे पीएमपीची बस उभी असताना चवड्यांवर तोल सांभाळत थांबणे कसे वाटते, हे आपल्या विक्रेत्याने एकदा करून पाहावे अशी माझी खरोखर इच्छा आहे.

आता फिटिंगबद्दल. बिलावर ‘संपूर्ण फिटिंग’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात त्याला वीस मिनिटे लागली आणि त्यात टेप एकदाही बाहेर निघाली नाही. तंत्रज्ञाने मला सीटवर बसवले, पायांची बोटे जमिनीला टेकतात का ते पाहिले आणि सीटपोस्ट आवळून टाकली. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, रोज काळ्या सायकलवरून कामाला जायचे. मला सायकल शिकवताना त्यांनी सीट कशी लावायची ते आधी दाखवले होते : पॅडल तळाला आण, त्यावर टाच ठेव, गुडघा सरळ झाला पाहिजे, मग टाचेच्या जागी चवडा ठेवलास की गुडघा आपोआप जरासा वाकलेला राहील. मी त्या तंत्रज्ञाला हे बोलून दाखवले, तर “ते जुन्या सायकलींचं झालं” असे उत्तर आले. पण पाय तर त्याच मापाचे आहेत ना! सायकल लोखंडाची असो की कार्बनची, गुडघा किती वाकायचा हे पायाच्या लांबीवरून ठरते. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्यामुळे माहीत झालेला गुणाकारही हेच सांगतो. पायाच्या आतल्या बाजूची लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँक (पॅडलची दांडी) ज्या आसाभोवती फिरते तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. माझी लांबी ७२ सेंमी, म्हणजे ते अंतर साधारण ६३.५ सेंमी यायला हवे. हे गणितही ढोबळच, पुढे थोडे वरखाली करावे लागते, हे मला मान्य आहे. पण घरी येऊन मोजले तर ते ६० सेंमी भरले. साडेतीन सेंमीचा फरक ढोबळपणात बसत नाही.

सीट एवढी खाली असली की पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्या दुमडलेल्या गुडघ्यावरच सगळा जोर पडतो. मेच्या सुट्टीत मला गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मी कठडा धरून जिना चढत होते.

हातांचे त्याहून वाईट झाले. वरची नळी माझ्यासाठी लांब, त्यापुढे १०० मिमीचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा), त्यावर ४२ सेंमीचे हँडल, आणि माझे खांदे ३७ सेंमीचे. शिवाय सीटचे नाक खाली झुकवून ठेवलेले. त्यामुळे शरीर सतत पुढे घसरते आणि सारा भार तळहातांवर येतो. तीस किलोमीटरनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर व्हायचे. सुरुवातीला हात झटकले की बरे वाटायचे. जूनच्या एका सोमवारी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहीत असताना खडू हातातून खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा एका मुलीने तो उचलून माझ्या हातात दिला आणि माझ्या बोटांकडे पाहत राहिली. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दबली आहे, तीन आठवडे सायकल बंद, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे. ही ‘सवय’ मला लागू नये अशीच आपली इच्छा असेल, असे मी धरून चालते.

गिअरबद्दल मला जास्त राग आहे, कारण ते मी स्पष्ट विचारले होते. “पुढे कॉम्पॅक्ट क्रँक आहे, ५०-३४, कुठलाही घाट चढेल,” असे मला सांगण्यात आले. पुढच्या, म्हणजे ५० आणि ३४ दातांच्या, चकत्यांबद्दल ते खरे आहे. पण मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, ११ ते २५ दातांची (११-२५) आहे, हे कोणी सांगितले नाही, आणि चढ सोपा की अवघड हे पुढचे-मागचे दोन्ही मिळून ठरते. माझ्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर आहे. सर्वांत हलक्या गिअरला, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २५ दात असताना, पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.८६ मीटर पुढे जाते. घाटात माझा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला मिनिटाला जेमतेम ४७ फेरे होतात. प्रत्येक फेरा म्हणजे जिन्याची उंच पायरी चढल्यासारखा. मागे ३४ दातांची चकती असती तर तोच फेरा २.१ मीटरचा झाला असता, त्याच वेगाला ६३ फेरे झाले असते आणि प्रत्येक पॅडलवरचा जोर चौथ्या हिश्शाहून थोडा जास्तच कमी झाला असता. तिकडे ५०-११ चा गिअर मी पाच महिन्यांत एकदाही वापरलेला नाही. तो शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी आहे. मी शर्यतीत उतरणार नाही, हेही सांगितले होते.

एप्रिलमध्ये सिंहगडाला गेले होते. निम्म्या चढाच्या पुढे एका तीव्र वळणावर पॅडल फिरेचना. उतरले आणि सायकल ढकलत वर गेले. जुन्या हायब्रिडवर हाच गड मी दोनदा न उतरता चढले आहे. ती वजनाने या सायकलपेक्षा जड आहे. वर पोचल्यावर मडक्यातले दही घेतले आणि ते खाताना मला रडू आले. थकले होते म्हणून नाही. वर्षभर साठवलेल्या पैशांतून मी आधीपेक्षा मागे आले होते.

त्या दिवशी उतरताना जे झाले ते सर्वांत गंभीर आहे. हँडलच्या खालच्या भागात हात धरले की माझी बोटे ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पुरती पोचत नाहीत. मधल्या बोटाचे टोक तेवढे लागते. समोरून जीप आली, मी जीव तोडून दाबले, सायकल थांबली, पण रस्त्याच्या कडेच्या खडीत. लागले नाही. लागू शकले असते.

जुलैत मी आमच्या भागातल्या एका सायकल मिस्त्रींकडे गेले. टपरीवजा दुकान आहे, बाहेर पंक्चरचे घमेले. त्यांनी आधी मला विचारले, “ताई, दुखतं कुठं?” मग सीट मापाने वर घेतली, नाक सपाट केले. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, क्रँक आडवी धरायला लावली आणि वाटीच्या पुढून ओळंबा सोडून पॅडलच्या आसापर्यंत येतो का ते पाहून सीट रुळावर एक सेंमी पुढे घेतली. हँडलचा स्टेम उलटा करून बसवला, त्यामुळे हँडल थोडे वर आले. शेवटी ब्रेकच्या रबराखालचा एक बारीक स्क्रू ॲलन कीने फिरवला आणि लिव्हर माझ्या बोटांजवळ आणून दिला. तो स्क्रू त्या लिव्हरमध्ये पहिल्या दिवसापासून होता! त्याला दोन मिनिटे लागली. टायरमधली हवाही त्यांनी ११० पीएसआयवरून खाली आणली. माझ्या ५८ किलो वजनाला एवढी हवा म्हणजे रस्त्यातला प्रत्येक खडा मनगटात, असे ते म्हणाले. सगळ्याचे दीडशे रुपये घेतले.

गुडघा आता दुखत नाही. बोटांचा बधिरपणा तीस ऐवजी साठ किलोमीटरनंतर येतो. पुढचे मात्र त्यांच्याही हातात नाही, आणि हे त्यांनी सरळ सांगितले. फ्रेम मोठी ती मोठीच. आखूड स्टेम लावता येईल, पण फार आखूड केला तर सायकल वळवताना अस्थिर होते. कॅसेटही नुसती बदलून चालणार नाही, कारण मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा आखूड आहे आणि तो ३० दातांपर्यंतच चालतो. ३४ साठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि लांब साखळी लागेल.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ५२ ची सायकल परत घेऊन त्याच मॉडेलची ४७ ची द्यावी, आणि ती देताना मागे ११-३४ ची कॅसेट, तिला चालणारा डिरेलर, ३८ सेंमीचे हँडल व ८० मिमीचा स्टेम बसवून द्यावा. ४७ ची येणारच नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. सध्याच्याच सायकलवर सुटे भाग बदलून देण्याचा तोडगा मला मान्य नाही, कारण वरच्या नळीची उंची त्याने कमी होत नाही. फिटिंगचे ३,००० रुपये तर कुठल्याही परिस्थितीत परत मिळावेत. जे काम झालेच नाही त्याचे ते पैसे आहेत. डॉक्टरांचे बिल मी मागत नाही.

आणखी एक मागणी आहे, ती माझ्यापुरती नाही. शोरूममध्ये गिऱ्हाईक आले की आधी उंची आणि पायाची लांबी मोजावी, कोष्टकाशी ताडून पाहावी आणि माप नसेल तर तसे सांगावे. माझ्या दोन सहकारी शिक्षिका माझ्यामुळे रोड सायकल घ्यायचा विचार करत होत्या. एक माझ्याहूनही बुटकी आहे. आपल्या शोरूममध्ये तिला काय दिले जाईल, याची मला आज खात्री देता येत नाही.

पैसे घेऊन न केलेले फिटिंग ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते, असे माझे म्हणणे आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सीटची मोजमापे टेप लावून काढलेल्या फोटोंसह जोडली आहेत. दोन्ही दिवसांच्या शोरूम-भेटींच्या तारखा पत्राच्या मागे लिहिल्या आहेत.

सायकल पाहायला कोणाला पाठवणार असाल तर जरूर पाठवा. शाळा साडेपाचला सुटते, सहानंतर मी घरी असते. येणाऱ्याने सोबत टेप आणावी.

आपली,
(सही)
एक ग्राहक, पुणे