'बॉम्बॅस्टिक' ही स्तुती नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शहरातील एका सत्कार समारंभाचे वृत्त गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात प्रसिद्ध झाले असून, प्रमुख पाहुण्यांच्या 'बॉम्बॅस्टिक' भाषणाने श्रोते भारावून गेले, असे त्यात म्हटले आहे. त्या समारंभास मी उपस्थित होतो. हा शब्द मूळचा आपल्या वार्ताहराचा नसून निवेदकाचा आहे. त्यांनी तो मनापासून गौरवार्थ वापरला, पाहुण्यांनी तो हात जोडून स्वीकारला, आणि ज्यांना अर्थ ठाऊक होता अशा आम्ही दोघातिघांनी छताकडे पाहिले. इंग्रजी शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एवढ्यावर गप्प बसवत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

'बॉम्बॅस्टिक'मध्ये बाँब दडलेला आहे, अशी आपल्याकडे सर्रास समजूत दिसते. वास्तविक या शब्दाचा बाँबशी काडीचाही संबंध नाही. सोळाव्या शतकातील इंग्रजीत 'बॉम्बास्ट' म्हणजे कापूस, आणि त्यातही कपड्यांत भरण्याचा कापूस. त्या काळचे इंग्लंडमधील शौकीन पुरुष आपले अंगरखे छातीपोटाशी कापूस, लोकर, प्रसंगी घोड्याचे केसही ठासून फुगवून घेत. आत माणूस किती आणि भरताड किती, हे अंगरखा उतरल्यावरच कळावयाचे. ज्या भाषेत आशय थोडा आणि भरताड फार, तिला पुढे हाच शब्द लागला. १५९२ साली रॉबर्ट ग्रीन या नाटककाराच्या नावाने निघालेल्या पुस्तिकेत तरुण शेक्सपिअरची हेटाळणी करताना तो क्रियापद म्हणून आला आहे: निर्यमक ओळी कापसाने फुगवण्यात हा स्वतःला कोणाहूनही कमी समजत नाही, अशा आशयाचा तो टोमणा आहे. फाल्गुनात पन्हाळ्याच्या वाटेवर लालभडक फुलणाऱ्या काटेसावरीचे 'बॉम्बॅक्स' हे शास्त्रीय नाव याच कुळातले. सावरीच्या कापसाची उशी ज्यांनी वापरली आहे, त्यांना हा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. 'फस्टियन' या जाड्याभरड्या कापडाच्या नावालाही त्याच काळात पोकळ, फुगीर भाषेचा अर्थ चिकटला. मांजरपाटाने पैठणीचा तोरा मिरवावा, तसे काहीसे.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील परीक्षणांत 'पॉम्पस' आणि 'प्रिटेन्शिअस' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले मी अनेकदा वाचले आहेत. त्यांत फरक आहे आणि तो मोलाचा आहे. 'पॉम्पस' माणसापाशी बहुधा काहीतरी खरोखर असते, पद असते, वय असते, निदान खुर्ची तरी असते. तो तिचे वजन वाढवून दाखवतो आणि साधे 'बसा' म्हणतानाही ठराव मांडल्यासारखा बोलतो. 'प्रिटेन्शिअस' माणूस मात्र जे आपल्यापाशी नाही त्याचा, मग ती विद्वत्ता असो वा रसिकता, आव आणतो. पहिल्याला मराठीत आढ्यताखोर म्हणता येते. दुसऱ्यासाठी तितका सुटसुटीत एकच शब्द मला सुचत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. 'आव आणणारा' असे दोन शब्द खर्चावे लागतात. पण ते दोन शब्द वाचकाला कळतात, आणि परीक्षण वाचकासाठीच लिहिले जाते, असे मी समजतो.

एरवी या बाबतीत मराठीला कोणापुढे हात पसरण्याचे कारण नाही. 'पॉम्पस'च्या मुळाशी ग्रीक भाषेतील मिरवणूक आहे. याचे आपल्याला नवल वाटू नये, कारण आपण पालखी मिरवतो तशीच शेखीही मिरवतो, आणि टेंभा तर मिरवतोच. 'शब्दावडंबर' या शब्दातील 'अवडंबर'चे मूळ 'आडंबर' हे संस्कृतात एका ढोलाचे नाव आहे. म्हणजे मिरवणूक त्यांची आणि वाद्य आपले. रोमन कवी होरेस याने अवजड शब्दांना 'दीड फूट लांबीचे शब्द' म्हटले, त्यावरून इंग्रजीत 'सेस्क्विपिडेलियन' हे विशेषण आले, जे स्वतःच दीड फुटाचे आहे. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ 'दीड' असा होतो, आणि ज्या भाषेत 'दीडशहाणा' हा शब्द आहे तिला ही दीडकी नवी नाही. आपला 'शिष्ट' तर याहून तिखट: मूळचा सुसंस्कृत माणसाचा हा गौरव 'जरा शिष्टच आहे' एवढ्या वाक्यात ठार होतो. पेठेतील मुले 'लई हवा करतोय' एवढ्यावर जे भागवतात, ते इंग्रजीत 'विंडबॅग' म्हणजे वाऱ्याची पिशवी.

उलट प्रवास केलेला शब्द म्हणजे 'स्नॉब'. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ चपला-बूट शिवणारा कारागीर असा होता. मग केंब्रिजचे विद्यार्थी गावातील सामान्य माणसाला तसे म्हणू लागले, त्यानंतर वरच्या वर्गाची भ्रष्ट नक्कल करणाऱ्याला तो लागला, आणि आता दुसऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्याला लागतो. ज्या गावाच्या चपलेने जगभर नाव काढले, त्या गावातील माणसाने हा इतिहास वाचून थोडे खट्टू व्हावे, हे स्वाभाविक आहे.

आपणास विनंती एवढीच की, वक्त्याचा गौरव करावयाचा असेल तेव्हा 'ओघवते', 'घणाघाती' किंवा 'पल्लेदार' यांपैकी जो शब्द लागू पडेल तो छापावा. त्यातही 'पल्लेदार' जरा जपून. राहता राहिले त्या दिवशीचे भाषण. ते सत्तर मिनिटे चालले, आणि 'सर्वंकष' व 'मूल्याधिष्ठित' हे शब्द त्यात किती वेळा आले, हे मोजणे मी विसाव्या मिनिटाला सोडून दिले. तेव्हा त्या वृत्तापुरती दुरुस्ती छापण्याची आवश्यकता नाही.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
कोल्हापूर