मानहाइममध्ये पायी फिरण्याआधी

ति. आई-बाबांना,
सा. न.

जर्मनीतल्या मानहाइमच्या पायी सहलीचं बुकिंग झालं आहे. मार्गदर्शक इंग्रजीतून बोलणार आहेत, दोन तासांचा कार्यक्रम आहे. पाऊस असला तरी सहल निघते आणि दिलेल्या वेळेला निघते, पाच मिनिटंसुद्धा कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून हे आधीच वाचून ठेवा. तिथली पत्त्यांची पद्धत रस्त्यात उभ्या उभ्या ऐकून डोक्यात शिरत नाही.

आधी एक सांगते, जुन्या लाकडी घरांची अपेक्षा ठेवू नका. इथला तेव्हाचा राज्यकर्ता फ्रीडरिश चौथा, त्याने १६०६ मध्ये इथे किल्ल्याची पायाभरणी केली आणि शेजारी काटकोनात आखलेलं गाव वसवलं. ते १६२२ मध्ये उद्ध्वस्त झालं, १६८९ मध्ये फ्रेंचांनी पुन्हा पाडलं आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत परत जमीनदोस्त झालं. आज रस्त्याच्या दुतर्फा दिसतात त्या बहुतेक युद्धानंतरच्या साध्या, काहीशा रुक्ष इमारती. टिकला तो आराखडा, आणि बघायचा आहे तोही आराखडाच. दर्शनी भागांचे फोटो काढत बसलात तर वेळ वाया जाईल.

आता पत्ता. मधल्या भागात पत्त्याला रस्त्याचं नाव लागत नाही, चौकोनाचं, म्हणजे चार रस्त्यांमधल्या इमारतींच्या गटाचं लागतं. राजवाड्याकडे पाठ करून उभे राहा. समोर सरळ जातो तो ब्राइटे श्ट्रासे, म्हणजे रुंद रस्ता. डाव्या हाताला ए ते के या रांगा, उजव्या हाताला एल ते यू. राजवाड्यापासून जसजसे लांब जाल तसतशी अक्षरं पुढे सरकतात. रुंद रस्त्यापासून बाजूला जाल तसतसे आकडे वाढतात. म्हणजे ‘ओ ४’ हा उजव्या बाजूच्या ओ रांगेतला चौथा चौकोन. एल रांग मात्र स्टेशनच्या दिशेने पार १५ पर्यंत लांबते, तिथे हा हिशेब नीट बसत नाही.

घर क्रमांकांची खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सम आकडे एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात, तसं इथे नाही. राजवाडा आणि रुंद रस्ता या दोन्हींना जवळ असलेल्या कोपऱ्यावर १ नंबर सुरू होतो आणि क्रमांक चौकोनाला प्रदक्षिणा घालतात. उजव्या बाजूच्या चौकोनांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, डाव्या बाजूच्या चौकोनांत उलट. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं घर एकाच कोपऱ्यावर येतात. समोरासमोरच्या दोन दुकानांचे चौकोनच वेगळे असतात, एक ओ ४ मधलं, तर दुसरं पी ४ मधलं. लोक चुकतात ते इथेच. क्रमांक शोधत रस्ता ओलांडतात आणि भलत्याच चौकोनात शिरतात. तुम्ही चौकोन सोडू नका, त्याच्याच कडेने वळत राहा. मोबाइलच्या नकाशात पत्ता टाकताना ‘ओ ४, ५’ असा स्वल्पविरामासकट टाका, वाटल्यास पुढे पिनकोड ६८१६१ आणि शहराचं नाव जोडा.

बाबा, कुणाला रस्ता विचारलात तर उत्तर जर्मन उच्चारात येईल. त्यांचा ‘आ’ म्हणजे आपला ए, आणि त्यांचा ‘ए’ म्हणजे आपला ई. ‘ए ५’ ऐकून आपल्या ए रांगेकडे चालायला लागाल तर चार रांगा चुकाल. क्यूला ‘कू’ म्हणतात, जेला ‘योट’. आय ही रांगच नाही. कागदावर लिहून दाखवणं सगळ्यात बरं.

चालण्याचा क्रम असा: स्टेशनवरून आधी वासरटुर्म, म्हणजे साठ मीटर उंच पाण्याचा मनोरा, १८८९ मध्ये पुरा झालेला. बाबांसाठी त्याच्याजवळच कार्ल बेंझचं स्मारक आहे. त्याचा पहिला कारखाना टी ६ मध्ये होता आणि पहिल्या मोटारगाडीचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं. बायको बर्थाने १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन ती गाडी मानहाइमहून थेट फोर्त्सहाइमला नेली. नंतर प्लांकेन या बाजाररस्त्याने पाराडेप्लात्स हा चौक, तिथून बाजारचौक (मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी भाजीबाजार), मग रुंद रस्त्याने परत राजवाड्याकडे आणि शेवटी ए ४ मधलं येझुइट चर्च. स्टेशनवर परत येईपर्यंत साडेतीन-चार किलोमीटर होतील. गाव सपाट आहे, चढ नाही. बाबांच्या गुडघ्याला चालण्यापेक्षा उभं राहण्याचा त्रास जास्त होईल, तेव्हा घडीचं छोटं स्टूल बरोबर घ्या. प्लांकेनवर गाड्या नाहीत म्हणून बेफिकीर चालू नका. त्याच फरशीवरून ट्राम जाते, आणि आवाज न करता जाते. रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघा.

राजवाड्याच्या मोठ्या भागात आज विद्यापीठ आहे. आतली दालनं सोमवारी बंद असतात, म्हणून मी मंगळवार घेतला.

आई, थकलीस की ओ ४ मधल्या फोंतानेल्लामध्ये बस. १९६९ मध्ये दारिओ फोंतानेल्लाने मानहाइममध्येच श्पागेटी-आइस काढलं. व्हॅनिला आइस्क्रीम दाबयंत्रातून, आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसं, फेटलेल्या सायीवर पाडतात. वर स्ट्रॉबेरीचा रस आणि किसलेलं पांढरं चॉकलेट. लगेच खायला लाग, पाच मिनिटांत तळाला पाणी होतं. व्हॅनिलात अंडं असू शकतं, म्हणून मागवण्याआधी ‘ओने आय?’ असं विचार, म्हणजे अंड्याशिवाय का.

सुटी एक-एक युरोची सात-आठ नाणी खिशात ठेवा, स्वच्छतागृहाला लागतात. पाण्याची बाटली घरून भरून घ्या, हॉटेलात पाणी विकत घ्यावं लागतं.

तुमची,
मेघा